पस्तिशीचे कुलूप

आमच्या समाजातील एखाद्या तीस-बत्तीस वर्षांच्या भगिनीने "मला आता परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे आहे" असे म्हटले, की तिच्यापुढे तीन दारे एकामागून एक बंद होतात. पहिले दार घरातले. तेथे तिला सांगण्यात येते, की तुझे शिकण्याचे वय गेले, आता मुलांना शिकू दे. दुसरे दार वस्तीतले. तेथे शहाणी म्हणविणारी माणसे विचारतात, की ज्या घाणीतून बाबासाहेबांनी आम्हाला बाहेर काढले, त्याच घाणीत पुन्हा हात घालण्यासाठी तू पैसे आणि वर्षे खर्च करणार काय? तिसरे दार सरकारचे. तेथे कोणी काही बोलत नाही. नियमावलीचे पान पुढे केले जाते आणि त्यावर एक आकडा असतो : ३५. ही तिन्ही दारे अन्यायाची आहेत आणि त्यांपैकी पहिली दोन आमची आम्हीच लावून घेतली आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम वयाचा प्रश्न घेऊ. 'वय गेले' हे वाक्य आमच्या घरात आले कोठून? जातिव्यवस्थेने माणसाचा धंदा त्याच्या जन्माच्या क्षणी ठरवून टाकला आणि तो बदलण्याची वेळ कधीच येऊ नये, अशी आपली रचना केली. आज आम्ही जन्माच्या जागी विसावे वर्ष ठेवले आहे, इतकाच काय तो फरक. विसाव्या वर्षी जी दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करीत होती, तिने पन्नासाव्या वर्षीही तीच करावी, असे आम्ही धरून चालतो. ज्या घरातील आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पिकल्या केसांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली, त्याच घरातील सुनेला बत्तिसाव्या वर्षी धंदा बदलता येऊ नये काय? जन्मभर पूजलेले देव साठाव्या वर्षी टाकून देता आले, पण तिशीत हातातले काम बदलता येत नाही, हे कोणते तर्कशास्त्र?

या क्षेत्राचा इतिहासही 'वय गेले' म्हणणाऱ्यांच्या बाजूने नाही. आधुनिक परिचर्येचा पाया घालणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथे रुग्णसेवेचे शिक्षण घ्यावयास गेली, तेव्हा ती ३१ वर्षांची होती, आणि घरच्यांचा विरोध तिलाही चुकला नव्हता. आमच्या महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांनी आयुष्याचा मोठा भाग शिक्षिका म्हणून घालविला. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा वयाच्या ६६ व्या वर्षी त्या आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर वाहून आणले आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सहासष्टाव्या वर्षी हातातले काम बदलणाऱ्या या स्त्रीची जयंती आम्ही दर वर्षी ३ जानेवारीला साजरी करतो आणि ४ जानेवारीला घरी येऊन बत्तीस वर्षांच्या सुनेला म्हातारी ठरवितो!

आता घाणीचा प्रश्न. तो अधिक गंभीर आहे, कारण तो विचारणाऱ्यांच्या मनात स्वाभिमान आहे. मेलेली ढोरे ओढणे, मैला उचलणे, गावकीची हलकी कामे करणे हे आम्ही सोडून दिले. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले आणि त्या कामांचा कायदेशीर फासही तुटला. म्हणून जेथे रक्त, मळ आणि पू यांना हात लावावा लागतो, ते काम पाहताच आमच्या माणसांच्या अंगावर काटा येतो. ही भावना आम्ही समजू शकतो. परंतु भावना बरोबर असली तरी तिने काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो.

गुलामी नेमकी कशात होती, याचा विचार करा. ती स्पर्शात नव्हती. ते काम जन्माने लादलेले होते, नाकारण्याची सोय नव्हती, त्याचा मोबदला शिळ्या भाकरीने चुकविला जाई आणि ते करणाऱ्याला त्यामागचे शास्त्र शिकण्याची बंदी होती. या चार गोष्टी म्हणजे गुलामी होय. खेड्यातील सुईण पाहा. अनेक गावांत ती अस्पृश्य समाजातील असे. नाळ तिने कापावयाची, बाळंतिणीचा विटाळ तिने सोसावयाचा, आणि काम संपले की तिने त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहावयाचे. तिच्या हातात कसब होते, पण त्या कसबाला ना पाटी होती, ना पदवी, ना पगार. आज तेच काम शिकून, परिषदेच्या नोंदवहीत नाव लावून, वेतनश्रेणीवर करणारी स्त्री 'सिस्टर' म्हणविली जाते आणि तालेवारांच्या सुना तिच्या शब्दाबाहेर जात नाहीत. काम तेच, हात तेच. मध्ये आले ते ज्ञान आणि हक्क.

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन डोळे उघडे ठेवून पाहावे. तेथे आमच्या आणि आमच्यासारख्या समाजांतील स्त्रिया आजही मोठ्या संख्येने आहेत. पण कोठे? झाडू हातात घेऊन, बेडपॅन उचलीत, 'आया' आणि 'मावशी' या नावांनी, पुष्कळदा कंत्राटदाराच्या यादीवर. म्हणजे परिचारिका न होऊन आम्ही घाणीतून सुटलो असे झाले नाही. घाण आमच्याकडेच राहिली, फक्त तिच्याबरोबर यावयाचे ज्ञान, पगार आणि अधिकार दुसऱ्याकडे गेले. दहा-बारा वर्षे वॉर्डात राबलेल्या आयाला सलाईन कधी संपत आली, रोग्याचा श्वास कधी बिघडला, बाळंतिणीला कोणत्या घटकेला कळा जोराच्या येतात, हे दिसत असते. तिला जे दिसते त्याचे नाव, कारण आणि उपाय जाणण्याचा अधिकार तिला नाही, आणि हीच अस्पृश्यतेची नवी आवृत्ती आहे. तिला शाळेत पाठविणे हाच त्यावर उतारा आहे.

अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नात मोठे साम्य आहे, असे बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले होते. ते साम्य या बाबतीतही पाहण्यासारखे आहे. बॉस्टन शहरात स्त्रिया व मुले यांच्यासाठी 'न्यू इंग्लंड हॉस्पिटल' नावाचे रुग्णालय होते. मेरी एलायझा महोनी नावाची कृष्णवर्णीय स्त्री तेथे सुमारे १५ वर्षे झाडलोट करी, कपडे धुई, स्वयंपाक करी आणि परिचारिकांच्या हाताखाली पडेल ते काम करी. १८७८ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, तिने त्याच रुग्णालयाच्या परिचर्या शाळेत प्रवेश मिळविला. १६ महिन्यांचे ते शिक्षण इतके खडतर होते, की तिच्याबरोबर आत गेलेल्यांपैकी मोजक्याच जणी शेवटपर्यंत टिकल्या. १८७९ साली महोनी उत्तीर्ण झाली आणि अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका ठरली. पुढे १९०८ साली कृष्णवर्णीय परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभारण्यातही तिचा हात होता. पंधरा वर्षे ज्या फरशा तिने पुसल्या, त्याच फरशांवरून ती परिचारिका म्हणून चालली. तिच्या नात्यागोत्यातील कोणी तिला "तेहतिसावे लागले, आता पुरे" असे म्हटले असेल, तर ते तिने ऐकले नाही, हे उघड आहे.

आणि धम्माची भाषा बोलणाऱ्यांनी विनयपिटकाकडे पाहावे. अतिसाराने जर्जर झालेला एक भिक्षू स्वतःच्या मळमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याची विचारपूस करीत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, त्या भिक्षूला दोघांनी मिळून धुतले, उचलून शय्येवर निजविले, आणि मग संघाला बजावले, की जो माझी सेवा करू इच्छितो त्याने रोग्याची सेवा करावी. शुश्रूषा करणारा कसा असावा, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य व कुपथ्य कळावे, मळ व वांती काढताना किळस नसावी, लोभाने नव्हे तर मैत्रीने त्याने काम करावे आणि रोग्याला धीराचे शब्द सांगता यावेत. या यादीत औषध आणि पथ्य यांचे ज्ञान प्रथम आहे. किळस न वाटणे हा गुण त्या ज्ञानाच्या सोबतीने आलेला आहे. ज्ञानाशिवाय केवळ मळ उचलावयास लावणे ही मनूची व्यवस्था. ज्ञानासह रोग्याला हात लावणे हा बुद्धाचा मार्ग.

हिंदू समाजाच्या विटाळाच्या कल्पनेची किंमत सर्व देशाने मोजली आहे. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. परक्या माणसाच्या देहाला, रक्ताला आणि मळाला हात लावणे कमीपणाचे मानल्यामुळे उच्चवर्णीय घरांनी आपल्या मुलींना बरीच वर्षे या शिक्षणापासून दूर ठेवले आणि हा भार मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती स्त्रियांनी उचलला. ज्या विटाळाने आम्हाला गावाबाहेर ठेवले, त्याच विटाळाचे कारण सांगून आम्ही आमच्या भगिनींना परिचर्येच्या शाळेबाहेर ठेवणार काय?

घरातील पुरुषांना आमचे एक सरळ बोलणे आहे. "मुलांकडे कोण पाहणार?" हा प्रश्न तुम्ही विचारता, तेव्हा त्याचे उत्तर "मी पाहीन" असे असू शकते, हे तुमच्या लक्षातच येत नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. मातेचा भार एकट्या मातेने वाहू नये, मालकाने आणि सरकारनेही त्यात वाटा उचलावा, ही त्यामागची भूमिका होती. मालकाकडून वाटा मागणाऱ्या पुढाऱ्याच्या अनुयायांनी स्वतःचा वाटा तीन वर्षे उचलू नये, हे आम्हास शोभत नाही. तीन वर्षे दोन वेळचा स्वयंपाक केल्याने कोणाचे पौरुष जात नाही. घरात एक नोंदणीकृत परिचारिका आल्याने मात्र मुलांच्या शिक्षणाची सोय होते, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची होते, आणि वस्तीतील रोग्याला रात्री-अपरात्री शहाणे माणूस मिळते.

आता तिसऱ्या दाराकडे वळू. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमावलीत दोन वर्षांच्या एएनएम आणि तीन वर्षांच्या जीएनएम या अभ्यासक्रमांना प्रवेशाची किमान मर्यादा १७ वर्षे आणि कमाल ३५ वर्षे ठेवलेली आहे. छत्तिसावे लागलेल्या स्त्रीने मुकाट्याने परत फिरावे, असा याचा अर्थ. या अटीला काही आधार आहे काय, ते तपासून पाहा.

सरकार म्हणेल, या वयात कष्ट झेपत नाहीत. मग आशा स्वयंसेविका निवडताना स्त्रीचे वय २५ ते ४५ असावे, असे त्याच सरकारने मार्गदर्शनात का सांगितले? चाळीस वर्षांची स्त्री उन्हातान्हात घरोघर फिरण्यास, बाळंतिणीला रात्री रुग्णालयात नेण्यास योग्य ठरते. तीच स्त्री वर्गात बसून शिकण्यास अयोग्य कशी ठरते? स्वयंसेविका म्हणून कामापुरत्या मोबदल्यावर राबविताना वय आड येत नाही. पगारी पदाचा मार्ग मागितला की मात्र वय आठवते.

सरकार म्हणेल, उशिरा शिकणारीला नोकरीची वर्षे उरत नाहीत. हिशेब करू. ३५ व्या वर्षी जीएनएमला प्रवेश घेतलेली स्त्री ३८ व्या वर्षी उत्तीर्ण होते. राज्य शासनाच्या सेवेत ५८ व्या वर्षी निवृत्ती धरली, तरी २० वर्षांची सेवा उरते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत प्रवेशाची कमाल वयोमर्यादा मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. म्हणजे ३९ व्या वर्षी शिकू लागलेली आमची भगिनी ४२ व्या वर्षी पात्र होऊन नोकरीस अर्ज करू शकली असती. नोकरीचे दार ४३ पर्यंत उघडे आणि त्या नोकरीचे शिक्षण देणाऱ्या शाळेचे दार ३५ ला बंद! आरक्षणाने दिलेली वर्षे प्रवेशाच्या अटीने काढून घेतली जातात, ती अशी.

आणि सर्वांत मोठा पुरावा नियमावलीतच आहे. जी स्त्री आधी एएनएम झालेली आहे, तिला जीएनएमच्या प्रवेशासाठी वयाची अट नाही. म्हणजे चाळिशीतही शिकता येते, हे परिषदेलाच मान्य आहे. ब्रिटनमध्ये तर परिचर्येच्या पदवीला कमाल वयाची अटच नाही आणि मुलेबाळे झालेल्या स्त्रिया तेथे या शिक्षणासाठी येतात. तेव्हा अडचण वयाची नसून अनुभवाकडे पाहण्याच्या दृष्टीची आहे. एएनएमचा अनुभव मोजला जातो. आयाचा आणि आशाचा मोजला जात नाही. तो का मोजला जात नाही, याचे उत्तर सरकारने द्यावे.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. नवा कायदा म्हणजे नवी नियमावली, आणि नव्या नियमावलीत जुने कुलूप पुन्हा लागू नये, ही आमची मागणी आहे. प्रवेशाची कमाल वयोमर्यादा रद्द व्हावी. रुग्णालयातील आया व आशा स्वयंसेविका यांच्या अनुभवास प्रवेशात गुण मिळावेत. पुष्कळ शाळांत वसतिगृहात राहण्याची सक्ती असते, ती मुले असलेल्या विद्यार्थिनींना नसावी. यात दयेची याचना नाही, हा हक्क आहे.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत वाट पाहत बसणे हा शहाणपणा नव्हे. ज्या भगिनींची पस्तिशी अद्याप उलटलेली नाही, त्यांनी आजच पाऊल उचलावे. दहावीनंतर शाळा सुटली असेल, तर सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बारावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची बारावीही चालते. जीएनएमला विज्ञान शाखेस प्राधान्य असले, तरी कला शाखेची बारावी इंग्रजीसह ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेली स्त्री पात्र ठरते. ज्यांच्या हाती वर्षे थोडी आहेत, त्यांनी पस्तिशीपूर्वी एएनएमला प्रवेश घ्यावा, म्हणजे पुढे जीएनएमचे दार वयाच्या अटीने बंद होत नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झालेल्या आहेत. त्यांचा लाभ घेण्यासाठी जातीचा दाखला आणि जिल्हा पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र प्रवेशाच्या आधीच तयार ठेवावे. ऐन वेळी धावाधाव करून जागा गमावणाऱ्यांची संख्या आमच्यात कमी नाही.

आणखी एक सावधगिरी. उशिरा शिकू इच्छिणाऱ्या स्त्रीची घाई ओळखून तिला लुबाडणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली आहेत. "वयाची अट नाही, सहा महिन्यांत नर्स" अशी पाटी दिसली की तेथून दूर व्हावे. अशा प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही. नोंदणी नाही म्हणजे पद नाही, वेतनश्रेणी नाही, आणि शेवटी पुन्हा तेच 'मावशी' हे नाव. फी भरण्यापूर्वी शाळेला परिषदेची मान्यता आहे काय, हे कागद पाहून ठरवावे, कोणाच्या तोंडच्या शब्दावर ठरवू नये.

शेवटी आमच्या विहारांच्या कार्यकर्त्यांना विचारावयाचे आहे. मिरवणुकीसाठी वर्गणी जमते, कमानीसाठी जमते. वस्तीतील एका भगिनीच्या तीन वर्षांच्या प्रवासखर्चासाठी ती का जमू नये? तिच्या मुलांना सायंकाळी दोन तास विहारात बसवून अभ्यास घेण्यास कोणता निधी लागतो? प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील आया, आशा व अंगणवाडीत काम करणाऱ्या स्त्रियांची वयासह यादी करावी, कोणाची पस्तिशी किती महिन्यांवर आली आहे ते पाहावे, आणि या वर्षी निदान एकीचा अर्ज भरून द्यावा. वयाची अट रद्द करण्याचा ठराव करून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि तो केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे धाडावा. सरकारचे कुलूप ठरावांनी आणि लढ्यानेच निघेल. परंतु घरातल्या आणि वस्तीतल्या कुलपांच्या किल्ल्या आमच्याच कमरेला आहेत. ती कुलपे आज रात्री उघडता येतात.